सूर्याची काळजी

जगात काळजी करणारी माणसं रगड असतील. मुलांची, नोकरीची, स्वतःच्या गुडघ्यांची काळजी तर सगळेच करतात. पण सूर्याची काळजी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला.

लग्न होऊन मी घाटकोपरला भटवाडीत आले, तेव्हा ते नुकते निवृत्त झाले होते. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. उभी हयात त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली होती, आणि मुळात काळजीखोर असलेल्या माणसाने जगातला कुठला धंदा करू नये तर तो हाच. रोज सकाळ-संध्याकाळ लोकांचे खोकले ऐकून त्यांच्या लेखी साधा खोकला म्हणून काही उरलंच नव्हतं. कुणी शिंकलं की ते त्या माणसाकडे अशा नजरेने बघत, की शिंकणाऱ्याला आपलं काही बरंवाईट होणार असं वाटून घाम फुटावा. नवा गॅस सिलिंडर लावला, की सासूबाईंनी काडी ओढायच्या आधी ते ओलं पोतं घेऊन खिडकीपाशी उभे राहत आणि "ओढ आता" असं अगदी बारीक आवाजात म्हणत. घरातलं माणूस वेळेवर आलं नाही, की ते चिडत नसत, ओरडत नसत. गुपचूप उठून दवाखान्यात न्यायची पिशवी भरायला घेत. तिच्यात टॉवेल, वाटी-चमचा, चादर आणि धुऊन, गरम पाणी भरून ठेवलेला थर्मास. विक्रोळीच्या एका कंपनीत मी टायपिस्ट होते. ओव्हरटाइम करून घरी आले, की दारातच ती भरलेली पिशवी दिसे. मग मला धडधाकट बघून तात्या ती रिकामी करायला घेत. पहिल्या वर्षी मला याचा राग येई. पुढेपुढे मी त्याच थर्मासमधल्या पाण्यात स्वतःसाठी कॉफी करून घ्यायला लागले.

त्यांची करमणूकही काळजीचीच. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मागच्या डोंगरापलीकडे चांदिवलीच्या बाजूला दगडखाणीतला धुरळा वर उठताना दिसे. तिथे सुरुंग लावत. आधी धुरळ्याचा पांढरा गोळा मुकाट्याने वर येई आणि मग, बऱ्याच वेळाने, धडाम असा आवाज पोचे. तात्या रोज दुपारी कठड्याला धरून हे बघत उभे राहत. एकदा मी वाळलेले कपडे काढायला गेले तर मला म्हणाले, "बघ नीला, तिकडे सगळं होऊन गेलंय. दगड पडले सुद्धा. आणि आपण इथे शांत उभे." मला त्यात विशेष काही दिसलं नाही. मी कपड्यांच्या घड्या केल्या आणि खाली आले.

दिवसभर घरात फिरून फिरून ते सासूबाईंच्या डोक्याला ताप देत. म्हणून एके दिवशी सासूबाईंनीच त्यांना जबरदस्तीने जवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये भाषणाला पाठवलं. विषय होता प्रकाशाचा वेग. कुणी तरुण प्राध्यापक पडद्यावर चित्रं दाखवून सांगणार होते. सासूबाईंना वाटलं, उजेडाच्या गोष्टीत काळजी करण्यासारखं काय असणार? तात्या परत आले ते पांढरेफटक होऊन. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला आठ मिनिटं लागतात. आता या घटकेला सूर्य विझला, तर आठ मिनिटं आपल्याला पत्ताच लागणार नाही." शेजारच्या बिऱ्हाडातलेही एक गृहस्थ त्या भाषणाला गेले होते. त्यांनी नंतर सांगितलं, की प्राध्यापकांनी हे वाक्य टाकल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून तात्यांनी हात वर करून विचारलं, "मग त्या आठ मिनिटांत आपण करायचं काय?" प्राध्यापक हसून म्हणाले, "चहा प्यायचा, काका." सगळा हॉल हसला. तात्या हसले नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या घरातला उजेड शिळा झाला. खिडकीतून ओट्यावर कवडसा पडला, की तात्या त्याच्याकडे कालच्या भाताकडे बघावं तसं बघत. चंद्राचा उजेड जेमतेम सेकंदभराचा, म्हणून चंद्रावर त्यांचा जरा विश्वास. पण चांदण्यांचं नाव काढलं की संपलं. सर्वांत जवळची चांदणी चार-साडेचार वर्षांपूर्वीची, बाकीच्या तर शेकडो, हजारो वर्षांपूर्वीच्या. त्यांतल्या किती आज जिवंत आहेत कोण जाणे. "एका सेकंदात तीन लाख किलोमीटर पळतो गो तो उजेड," ते मला सांगत. "त्याच्याहून जलद जगात काही नाही. आणि तरी त्याला उशीर होतो. मग आपल्या तारेचं आणि टपालाचं काय घेऊन बसलीस?" सासूबाई मालवणच्या बाजूच्या, आणि बोलायला फटकळ. गच्चीत त्या पापड घालत असताना तात्यांनी त्यांना एकदा हेच ऐकवलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ऊन शिळा आसला म्हणान माजे पापड सुकूचे रवले काय?" मध्यंतरी कुठलासा तारा फुटल्याची बातमी पेपरात आली. तो फुटला होता दीड लाखाहून जास्त वर्षांपूर्वी, आणि दिसला होता आत्ता. तात्यांनी तो पेपर दोनदा वाचला, घडी करून उशाखाली ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. जणू तो तारा त्यांच्या दवाखान्यातला जुना पेशंट होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझा नवरा बोटीवर होता. तेलाच्या एका मोठ्या जहाजावर तो फिटरचं काम करी. आठ-दहा महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी. त्याची पत्रं कुठल्या कुठल्या बंदरांतून यायची, तीही तीन-तीन आठवड्यांनी. पत्र सासूबाईंच्या हातात पडलं की त्या आधी ते कपाळाला लावत आणि मग मी मोठ्याने वाचत असे. "मी इथे खुशाल आहे," एवढं वाचून होतं न होतं, तोच तात्या कोपऱ्यातून म्हणत, "खुशाल होता." मी थांबे. ते म्हणत, "तारीख बघ. ते लिहिलं तेव्हा खुशाल होता." सासूबाई त्यांच्यावर डोळे वटारत. मीही सुरुवातीला हसून सोडून देई. पण काळजीचंही गोवरासारखंच असतं. ऑफिसात डबा खाता खाता मैत्रिणी काहीतरी विनोद करत, मी खो खो हसत असे आणि मध्येच माझा घास हातात राही. आत्ता या क्षणी तिकडे काय चाललं असेल? मी हसतेय हे ठीक आहे ना? आणि मग मला तात्यांचा मनापासून राग येई.

सत्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. इराण आणि इराकची लढाई चालू होती आणि आखातात तेलाच्या जहाजांवर हल्ले होत होते. नवऱ्याचं शेवटचं पत्र तिकडूनच आलेलं. एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले, आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, आणि रेडिओवर दुपारच्या बातम्या लागल्या. आखातात एका टँकरला आग लागली होती. त्यावर काही भारतीय खलाशी होते. जहाजाचं नाव सांगितलं नाही. बातमी संपली आणि पुढे क्रिकेटबद्दल काहीतरी सुरू झालं.

तात्यांनी उठून रेडिओ बंद केला. मला वाटलं, आता हे पिशवी भरायला घेतील. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. परत पाटावर येऊन बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जे काय व्हायचं होतं ते होऊन गेलंय गो. आता फक्त आपल्यापर्यंत यायचं बाकी आहे."

सासूबाई म्हणाल्या, "तुमी आता तोंड मिटा." त्यांचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. तात्यांनी ताटावरून उठून हात धुतले.

फोन पहिल्या मजल्यावर मणिबेनच्या घरी होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. त्यांचाच नंबर आम्ही पीपी म्हणून सगळीकडे देत असू. मी खाली जाऊन बोटीच्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं, की अजून काहीच कळलेलं नाही, टेलेक्स पाठवला आहे, कळलं की आम्ही फोन करू. मी वर आले आणि काय करायचं ते न सुचून भांडी घासायला बसले. तात्या मात्र चपला घालून बाहेर पडले. बराच वेळ परत आले नाहीत म्हणून मी जिन्यात डोकावले, तर ते मणिबेनच्या दाराबाहेर पायरीवर बसलेले.

मी वरून विचारलं, "तात्या, तिथे काय करताय?"

ते म्हणाले, "फोन वाजणार. मणिबेन उचलणार. मग जिन्यात येऊन हाक मारणार. आपण ऐकणार, चपला शोधणार, दोन मजले उतरणार. एवढा वेळ कशाला वाया घालवायचा?"

मणिबेन दारात येऊन उभी राहिली. तिचं अर्धं आयुष्य घाटकोपरात गेलं होतं, तरी तिची मराठी तिच्या मनाप्रमाणे चालायची. "मी किती वेळ सांगते, आत बसा ने काका," ती म्हणाली. "फोन कुठे पळून जाते?" तात्या म्हणाले, "इथंच बरं आहे." तिने खुर्ची आणून ठेवली, ते खुर्चीवर बसले नाहीत. तिने चहा दिला, तो मात्र प्यायले. फोन वाजला की ते ताडकन उभे राहत. फोन मणिबेनच्या नवऱ्याच्या कापडाच्या दुकानाचा असे, नाहीतर तिच्या बहिणीचा. मग ते पुन्हा बसत. रात्री मणिबेनने दार लावून घेतलं तेव्हा ते वर आले, आणि रविवारी तिने दार उघडलं तेव्हा तिला ते पायरीवरच दिसले.

रविवारी दुपारी मी त्यांचं ताट घेऊन खाली गेले. वरणभात कालवून दिला, तर ते भाताच्या शितांवरून नुसतं बोट फिरवत बसले. मग अचानक बोलायला लागले, जवळजवळ स्वतःशीच.

"मी सात-आठ वर्षांचा असेन. बाबा इथे मुंबईत गिरणीत, आम्ही गावाला. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या. आषाढात बाबा तापाने गेले. आम्हाला कळलं ते गणपतीच्या तोंडावर, गावचा एक माणूस घाटावरून चालत आला तेव्हा. त्याच्याकडे बाबांची ट्रंक होती. मी ट्रंक बघून धावत गेलो. मला वाटलं, बाबा मागून येतायत."

मी ताटावर बसलेली माशी हाकलली.

"मागाहून मी खूप आठवून बघितलं, ते गेले त्या दिवशी मी काय करत होतो. बहुतेक ओढ्यावर खेकडे धरत होतो. रोज धरायचो. आणि हसत असणार. दीड-दोन महिने मी हसत होतो, नीला, बाप नसताना. कुणी सांगितलंच नाही तर मुलाने काय करायचं?" त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "तेव्हापासून हसायला आलं की मला वाटतं, आधी विचारून घ्यावं. सगळं ठीक आहे ना म्हणून."

इतकी वर्षं ज्या माणसाच्या वेडेपणावर आम्ही इमारतभर हसलो, त्याच्याकडे बघायचं मला धाडस होईना. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. येणारे-जाणारे अंग चोरून जात होते. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी टीव्हीवर सिनेमा लागला होता, त्यातल्या मारामारीचे आवाज जिन्यात येत होते. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो. मध्येच सासूबाईही आल्या, हातात निवडायची मेथी घेऊन, आणि आमच्या वरच्या पायरीवर बसून मेथी निवडत राहिल्या. तात्यांशी त्या शनिवारपासून बोलल्या नव्हत्या. मेथी संपल्यावर त्यांनी तात्यांच्या खांद्यावर पडलेलं एक पान उचललं आणि निवडलेल्या मेथीत टाकलं.

सोमवारी मी रजा टाकली. अकराच्या सुमाराला मी आणि सासूबाई नुकत्याच वर आलो होतो, आणि खालून फोनची घंटा ऐकू आली. ती एकदाच वाजली. आम्ही दोघी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिलो. तिथूनच खाली डोकावत राहिलो. थोड्या वेळाने तात्या वर येताना दिसले, कठडा धरून, एकेक पायरी. चेहऱ्यावरून काही कळेना. आमच्यापाशी पोचले, श्वास घेतला आणि म्हणाले, "सकाळपर्यंत बरा होता."

सासूबाई 'होता' एवढंच ऐकून मटकन खाली बसल्या. मी त्यांना धरायला वाकले. आणि तेवढ्यात खालून मणिबेन धापा टाकत, पदर सावरत, दोन-दोन पायऱ्या चढत आली. "बरा छे, अरे बरा छे," ती ओरडत होती. तात्यांच्या हातून रिसीव्हर घेऊन उरलेलं सगळं तिने ऐकलं होतं. "आग दुसऱ्या जहाजला लागली. सुरेशभाईंची बोट मागे होती. ह्यांनी तर पाण्यातले माणस काढले. काका, असा काय सांगते तुम्ही?"

तात्या गोंधळून म्हणाले, "मी त्यांना विचारलं, ही बातमी कधीची. ते म्हणाले सकाळची. मग आत्ताचं मी कसं सांगू?"

सासूबाईंनी रडत रडत त्यांच्या पायावर एक चापट मारली. अख्ख्या संसारात बहुधा पहिलीच.

संध्याकाळी नवऱ्याचाच फोन आला. जहाज बंदराला लागलं होतं आणि तिथल्या ऑफिसातून त्याला दोन मिनिटं बोलायला दिलं होतं. आम्ही सगळे मणिबेनच्या बाहेरच्या खोलीत गोळा झालो. सासूबाईंनी रिसीव्हर घेतला, "सुरेश, बाबा, कसो आसस?" म्हणाल्या. पलीकडून काहीच नाही. त्या घाबरून पुन्हा बोलल्या आणि नेमका तेव्हाच त्याचा आवाज आला. दोघांचे आवाज एकमेकांवर आदळले आणि कुणालाच काही कळलं नाही. मी घेतला, माझंही तेच. मी "हॅलो" म्हणे, शांतता. मी पुन्हा "हॅलो" म्हणे आणि त्याचं पहिलं उत्तर माझ्या दुसऱ्या हॅलोखाली चिरडून जाई. "लाइन खराब आहे," मी रडवेली होऊन म्हटलं.

"लाइन खराब नाही," तात्या म्हणाले. त्यांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला. "सुरेश, मी तात्या." आणि गप्प राहिले. आम्ही काही बोलू लागलो तर हात वर करून आम्हाला थांबवलं. मग त्यांची मान हलली. उत्तर पोचलं होतं. "जेवलास?" पुन्हा गप्प. पुन्हा मान हलली. "हाताला काही लागलं नाही ना?" गप्प. अगदी निवांतपणे, दवाखान्यात बाटलीतून थेंब मोजावेत तसे ते एकेक प्रश्न सोडत होते आणि मधल्या त्या रिकाम्या जागेत, ज्या जागेत आम्ही दोघी घाबरून गेलो होतो, ते डोळे मिटून उभे राहत होते. मग त्यांनी रिसीव्हर मला दिला. "बोल. एक वाक्य बोल आणि थांब. तुझं बोलणं वर उपग्रहापर्यंत जातं, खाली उतरतं, त्याचं तसंच येतं. त्याला वेळ दे." मी थांबून बोलले. नवऱ्याचा आवाज अगदी स्वच्छ आला.

फोन ठेवल्यावर मी त्यांना विचारलं, "तात्या, मग आपण ऐकलं ते किती शिळं?"

त्यांनी चुटकी वाजवून दाखवली. "एवढंच. एवढ्याच वेळापूर्वी तो बरा होता." मग त्यांना काय झालं कोण जाणे, ते हसायला लागले. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मणिबेनच्या त्या निळ्या सोफ्यावर बसून. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मी पण."

यानंतर तात्या सुधारले, असं मात्र कुणी समजू नये. नवरा पुढे बोटीवरची नोकरी सोडून मुलुंडच्या एका कारखान्यात लागला. तर त्याला मुलुंडहून यायला उशीर झाला की आखाताइतकीच काळजी. सूर्याबद्दल त्यांचं मन शेवटपर्यंत साफ झालं नाही. फक्त आम्ही कुणी हसलो की पूर्वी ते गप्प होत, ते आता थोडं थांबून, आमच्या मागोमाग, हळूच हसायला लागले होते.

काही वर्षांनी, एका सुट्टीच्या दुपारी, ते गेले. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. आम्ही सगळे त्याच खोलीत होतो. त्यांचा हात नवऱ्याच्या हातात होता, सासूबाई उशाशी होत्या आणि मी पायाशी. घरातल्या कुणालाही काही कळवायचं राहिलं नव्हतं.

गावाला तेवढी त्यांची थोरली बहीण होती. खूप म्हातारी, पण पोस्टमन आला की अजून स्वतः पुढे होऊन कागद हातात घेणारी. तिला तार करायला म्हणून नवऱ्याने डोळे पुसले, चपला घातल्या आणि तो निघाला. मी त्याला दारात गाठलं.

"अहो, जरा थांबा."

"का?"

"या वेळेला आत्या पडवीत बसलेल्या असतील. त्यांच्यासाठी तात्या अजून आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चपला काढल्या आणि आत येऊन पुन्हा तात्यांच्या शेजारी बसला.